मारेओटिसकडे पाठ

मराठी प्रवासवर्णनांविषयी तक्रार करणे ही मराठीच्या प्राध्यापकांची जुनी सवय आहे आणि ती तक्रार बहुधा शैलीविषयी असते. वर्णने पाल्हाळिक आहेत, विनोद ओढूनताणून आणलेला आहे, ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ हे वाक्य दर दहा पानांनी भेटते, वगैरे. आमची तक्रार शैलीची नाही. मराठी प्रवासवर्णन ज्याला ‘पाहणे’ म्हणते, ते गेली काही दशके पाहणे राहिलेलेच नाही. दुसऱ्याने आखून दिलेल्या यादीवर खुणा करीत जाणे एवढाच त्याचा अर्थ उरला आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि ह्या ऱ्हासात लेखकांपेक्षा आम्हां शिकवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, हेही.

निमित्त सांगतो. आम्ही दोघे मराठी शिकवतो, एक ठाण्यात आणि दुसरा कल्याणात. राहायला दोघेही बाळकुमला. गेल्या वर्षी एका वाङ्मयस्पर्धेतील प्रवासवर्णने परीक्षणासाठी आमच्याकडे आली. त्यांतील चार पुस्तके इजिप्तवर होती आणि चारही लेखकांनी अलेक्झांड्रियाला एकेक प्रकरण दिले होते. भूमध्य समुद्राच्या काठचे हे शहर अलेक्झांडरने इ.स.पू. ३३१मध्ये वसवले, तेथील ग्रंथालयाचे नाव साहित्याच्या विद्यार्थ्याला काही न वाचताही ठाऊक असते. आम्ही ती प्रकरणे उत्सुकतेने उघडली. चौथे प्रकरण वाचून होईपर्यंत आमची अशी खात्री झाली की ही चार माणसे एकाच बसमध्ये बसली असावीत. तसे नव्हते. चौघे वेगवेगळ्या वर्षी गेले होते. बस मात्र खरोखरच एक होती, फक्त ती रस्त्यावरची नव्हती.

चारही प्रकरणांत पहाटे कैरो सोडले जाते. वाळवंटी रस्त्याने दोनएकशे किलोमीटर. मग ‘पॉम्पेचा स्तंभ’, आणि लगोलग तो पॉम्पेचा नसून सम्राट डायोक्लेशियनच्या सन्मानार्थ उभारलेला आहे ही गाईडने दिलेली दुरुस्ती. मग कोम-अल-शुकाफाची भुयारी दफनगृहे आणि तेथले गाढव. १९०० साली एका गाढवाचा पाय जमिनीत रुतला आणि ते खाली कोसळले म्हणून भुयार सापडले, अशी ही कथा आहे. चारही पुस्तकांत हे गाढव पडते. एका लेखिकेने त्यावर कोटी केली आहे, एकाने त्याला श्रद्धांजली वाहिली आहे. दुपारी माशांचे जेवण. त्यानंतर कायतबेचा किल्ला, पंधराव्या शतकातला. प्राचीन दीपगृह भूकंपांनी ढासळल्यावर त्याच जागी, त्याचेच दगड वापरून बांधलेला. येथे सात आश्चर्यांची यादी आणि एक सुस्कारा. शेवटी २००२ साली उभे राहिलेले नवे ग्रंथालय, त्याची जगातील लिप्यांची अक्षरे कोरलेली ग्रॅनाइटची भिंत, त्या भिंतीवर देवनागरी शोधण्याची धडपड, आणि ‘कॉर्निश’ नावाच्या किनाररस्त्यावरून सूर्यास्त पाहत परत.

ह्यात खोटे काही नाही. माहिती बहुतांशी बरोबर आहे. दोन ठिकाणी सनावळी चुकली आहे, ते चालते. अडचण वेगळीच आहे. ह्या चौघांनी दिवसभर एकाच दिशेला तोंड केले होते: उत्तरेला, समुद्राकडे. सहलीचा नकाशा तसा होता म्हणून. अलेक्झांड्रियाच्या पाठीमागे, दक्षिणेला, एक तळे आहे. त्याचे प्राचीन नाव मारेओटिस, आजचे मारयूत. आता ते आक्रसलेले आणि औद्योगिक सांडपाण्याने नासलेले आहे. काठावर मासेमारी चालते, बस तेथे थांबत नाही. कैरोहून वाळवंटी रस्त्याने शहरात शिरताना त्याचे पाणी लागते. चौघांपैकी एकाच लेखकाने त्याचा उल्लेख केला आहे, तोही खिडकी बंद करावी लागली एवढ्याच कारणाने.

इ.स.पू. २५च्या सुमारास अलेक्झांड्रियात राहिलेला भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की समुद्राकडच्या बंदरापेक्षा ह्या तळ्याकडचे बंदर अधिक श्रीमंत होते, कारण नाईलमधून येणारा माल कालव्यांनी येथे उतरत असे. त्या मालात आपल्याकडचा माल होता. पश्चिम किनाऱ्यावरून निघालेले जहाज तांबड्या समुद्रावरील बेरेनिके किंवा मायोस होर्मोसला लागे. तेथून माल उंटांवर लादून वाळवंट ओलांडत नाईलकाठच्या कॉप्टॉसला जाई. मग नदीने उत्तरेकडे आणि कालव्याने मारेओटिसमध्ये. एकट्या मायोस होर्मोसहून वर्षाला १२० जहाजे हिंदुस्थानकडे निघतात, असे ऐकल्याचेही स्ट्रेबो नोंदवतो. बेरेनिकेच्या उत्खननात मिरी सापडली, घरांच्या बांधकामात पुन्हा वापरलेले सागवान सापडले, २०२२ साली बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली. म्हणजे आपले जे काही अलेक्झांड्रियाला पोहोचले, ते दीपगृहाच्या उजेडात दर्शनी दाराने गेले नाही. ते मागच्या दाराने गेले. आणि आमचे चार प्रवासी, दोन हजार वर्षांनंतर त्याच शहरात उभे राहून, त्या दाराकडे पाठ करून सूर्यास्ताचे फोटो काढीत होते.

कोणी म्हणेल, हे पुरातत्त्व झाले. साहित्याशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने खलाशांसाठी लिहिलेले ‘पेरिप्लस’ हे छोटेसे पुस्तक आहे. लेखकाचे नाव ठाऊक नाही. त्यात आपला किनारा ओळीने येतो: भडोच, सोपारा, कल्याण, चौल, आतल्या बाजूला पैठण आणि तेर. कल्याणविषयी तो एक विलक्षण गोष्ट सांगतो. थोरल्या सारगनेसच्या काळात (हा कोणी सातकर्णी असावा) कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर होते; पुढे संदनेसच्या ताब्यात गेल्यावर तेथे इतके निर्बंध आले की चुकून शिरलेल्या ग्रीक जहाजांवर पहारा बसवून त्यांना भडोचला नेले जाऊ लागले. त्याने कल्याणातली ‘पाहण्याजोगी स्थळे’ दिलेली नाहीत. देऊळ नाही, स्तूप नाही, सूर्यास्तही नाही. तरीही त्या दोन वाक्यांत कल्याण जितके जिवंत आहे, तितके अलेक्झांड्रिया ह्या चार प्रकरणांतल्या शंभराहून अधिक पानांत नाही. कारण त्याचे कल्याणशी काही देणेघेणे होते. तेथे गेल्याने त्याचे जहाज अडकले असते.

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचाच एक व्यापारी, कॉस्मस, पुन्हा ‘कल्लियाना’चे नाव घेतो, तेथे इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याचे सांगतो. हे कल्लियाना म्हणजे आपलेच कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. कल्याणच्या दात्यांची नावे कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत, कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब धेनुकाकटच्या ‘यवनां’नी दिलेले आहेत, आणि कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडातून १९४०च्या दशकात निघालेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. भूमध्य समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी! आमच्या चार प्रवाशांपैकी एक कोल्हापूरचे आहेत. त्यांनी अलेक्झांड्रियाच्या समुद्रावर दोन पाने लिहिली आहेत. त्या समुद्राचा देव आपल्या गावच्या संग्रहालयात उभा आहे ह्यावर एक ओळही नाही. हा त्यांचा व्यक्तिगत दोष आम्ही मानीत नाही. यादीत तो नव्हता.

आता बाळकुमकडे येतो, कारण ही सगळी चीड तेथूनच निघाली आहे.

वसईकडून घोडबंदरमार्गे आलेले असो की ठाण्याच्या खाडीतून वर चढलेले, कल्याणला जाणारे गलबत आमच्या ह्याच परिसराच्या पाण्यातून जाई. उल्हास नदी येथे फाटते. एक फाटा वसईकडे आणि दुसरा, अरुंद, ठाण्याकडे. बाळकुम हे आगरी-कोळ्यांचे गाव. खाजणात भात, खाडीत निवट्या आणि चिंबोऱ्या, काठाला तिवरे. आज कापूरबावडीहून पुढे आलात की गावठाण शोधावे लागते. त्याच्या चारी बाजूंनी तीसचाळीस मजली मनोरे आहेत आणि त्यांतल्या कित्येकांच्या नावांना इटालियन-स्पॅनिश वळण आहे. जाहिरातींतून खाडीला ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणतात. कमानी, फिकट गेरूच्या भिंती, कारंजी, ताडाची आणून लावलेली झाडे. बाळकुमपासून गायमुखापर्यंत खाडीकिनाऱ्याचा रस्ता आखला गेला आहे. काठाकाठाने ‘वॉटरफ्रंट’ झाले आहेत, तेथे संध्याकाळी लोक बसतात. बसू देत, दमलेल्या शहराला हवा लागते, आणि आम्हीही तेथे जाऊन बसतो. पण त्या बाकांवरून दिसते ते फक्त दृश्य. ह्या पाण्याने कोणी कोठे जात असे, ते कशासाठी, हे त्या बाकावरून कळण्याची सोय नाही. भूमध्य समुद्राशी आमचा खरोखरीचा संबंध होता त्या पाण्याला आम्ही भूमध्य समुद्राचा खोटा मुखवटा चढवला, आणि त्यातला विनोदही कोणाच्या लक्षात आलेला नाही.

अलेक्झांड्रियातला मराठी पर्यटक आणि बाळकुममधला नवा सदनिकाधारक ही म्हणूनच आम्हांला दोन माणसे वाटत नाहीत. (आम्ही स्वतः सदनिकाधारक आहोत, आमच्या इमारतीचे नाव येथे देण्याचे धैर्य आम्हांला होत नाही.) दोघांनाही जागेची दर्शनी बाजू विकली गेली आहे. आणि ह्या विक्रीला लागणारी भाषा कोठून येते? ‘विहंगम’, ‘नयनरम्य’, ‘निळेशार’, ‘निसर्गाच्या कुशीत’. जाहिरात लिहिणाऱ्याने ही विशेषणे शोधून काढलेली नाहीत. ती त्याने शाळा-महाविद्यालयातल्या प्रवासवर्णनाच्या पाठातून उचलली. ती आम्ही शिकवली.

मराठीत हे असेच होते असे नाही. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली निघाले ते दक्षिणा मिळवायला. मथुरेच्या यज्ञात चार पैसे मिळतील, घरचे कर्ज फिटेल, एवढाच हेतू. बंडात सापडले, झाशीचा वेढा आतून पाहिला, जीव वाचवीत परतले. १८८३च्या सुमारास त्यांनी लिहून काढलेला ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. त्यातही देवळे, घाट, बाजार ही सारी ‘स्थळे’ आहेत, पण प्रत्येक स्थळाशी भटजींचा काही व्यवहार आहे: अन्न, पैसा, भीती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवर लिहिले तेव्हा पुस्तकाच्या नावातच ‘लोकस्थिती’ हा शब्द घातला. तेथली माणसे कशी राहतात, स्त्रिया काय करतात, संस्था कशा चालतात, हे त्यांना आपल्या कामासाठी हवे होते. धबधबा पाहिला तरी तो कामाच्या वाटेवर.

१९६० साली ‘अपूर्वाई’ आले. पु. ल. देशपांड्यांविषयी आमच्या मनात अढी नाही. त्यांनी मध्यमवर्गीय मराठी माणसाला परदेशात उभे करून त्याच्याकडे त्यालाच हसत पाहायला शिकवले. नंतरच्यांनी हसू तेवढे घेतले, पाहणे सोडले. मग १९९०नंतर सहल-कंपन्या आल्या, पैसा आला, प्रवास सोपा झाला. ह्यालाही आमचा विरोध नाही. निवृत्त शिक्षिकेने आयुष्याची पुंजी खर्चून भूमध्य समुद्र पाहावा, ह्याहून चांगले काय? पण तिने परत येऊन पुस्तक लिहिले आणि आम्ही त्याला ‘साहित्य’ म्हणून पुरस्कार द्यायचा ठरवला, तर प्रश्न विचारावे लागतील.

येथे एक प्रतिवाद नेहमी येतो, आणि तो आमच्याच सहकाऱ्यांकडून येतो. सामान्य वाचकाला माहितीच हवी असते. ज्याला जाता येत नाही त्याला घरबसल्या दर्शन घडते. प्रत्येकाकडून तुम्ही प्रतिभेची अपेक्षा कशी करता? ह्याला आमचे उत्तर मार्गदर्शिकेच्याच उदाहरणाने द्यावे असे वाटते. ई. एम. फॉर्स्टर पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५पासून १९१९पर्यंत, रेड क्रॉसच्या कामावर अलेक्झांड्रियात होता. १९२१ साली तो देवासला, थोरल्या पातीच्या मराठी महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून आला. त्या अनुभवावरचे ‘द हिल ऑफ देवी’ पुढे १९५३ साली निघाले. मराठी संस्थानात नोकरी केलेल्या ह्या माणसाचे ‘अलेक्झांड्रिया : अ हिस्टरी अँड अ गाइड’ १९२२ साली प्रसिद्ध झाले. ती अगदी साधी मार्गदर्शिका आहे. ट्रामचे मार्ग आहेत, संग्रहालयातल्या दालनांची वर्णने आहेत. यादीच म्हणा ना. पण त्याने पुस्तकाचे दोन भाग केले, एक इतिहासाचा आणि एक स्थळांचा, आणि इतिहासाच्या प्रत्येक तुकड्याखाली स्थळांच्या पानांचे हवाले दिले. वाचकाला सतत पुढेमागे पाने उलटावी लागतात. उलटता उलटता त्याच्या लक्षात येते की समोर दिसते ते आणि येथे घडून गेले ते एकमेकांवर बसत नाही. मधली फट शहराने भरलेली आहे. मारेओटिस त्याच्या पुस्तकात आहे. १८०१ साली इंग्रज सैन्याने बांध फोडून त्यात समुद्राचे खारे पाणी सोडले आणि काठची शेती बुडवली, हेही आहे, आणि फॉर्स्टर स्वतः इंग्रज होता. (पुस्तकाचे नशीब मात्र खोटे. गोदामाला आग लागून प्रती जळाल्या म्हणून प्रकाशकाने विमा घेतला, नंतर प्रती शाबूत सापडल्या, आणि हिशेब जुळावा म्हणून त्या मुद्दाम जाळल्या, अशी हकीकत फॉर्स्टरनेच पुढे सांगितली.) ह्या पद्धतीला प्रतिभा लागत नाही. समोरच्या दगडाला ‘तू येथे कसा आलास’ एवढे विचारण्याची सवय लागते.

फॉर्स्टरनेच इंग्रजी वाचकांपुढे आणलेला कवी कव्हाफी ह्याच शहरात राहिला आणि तेथल्या सिंचनखात्यात त्याने तीस वर्षे कारकुनी केली. त्याच्या कवितेत पाहण्याजोगी स्थळे जवळजवळ नाहीत. आमच्या वर्गात कव्हाफी मराठी अनुवादातून अधूनमधून वाचला जातो. त्याच वर्गात, त्याच आठवड्यात, आम्ही फळ्यावर लिहितो: ‘प्रवासवर्णनाचे घटक : १. स्थलवर्णन २. निसर्गवर्णन ३. व्यक्तिचित्रण ४. विनोद ५. माहितीपरता’. विद्यार्थी उतरवून घेतात. परीक्षेत हे पाच मथळे देऊन प्रत्येकाखाली चार ओळी लिहिणाऱ्याला दहापैकी आठ गुण मिळतात. आम्हांलाही आमच्या वेळी मिळाले होते, एम.ए.ला आम्ही असेच पास झालो. आमच्या हातून गेलेल्या त्या विद्यार्थ्यांपैकीच कोणी उद्या सहलीला जातो, परत येऊन पाच मथळ्यांचे पुस्तक लिहितो, आणि ते आमच्याकडेच परीक्षणाला येते. मग आम्ही नाक मुरडतो.

त्या चार पुस्तकांबाबत आम्ही पुरस्कार कोणालाच देऊ नये अशी शिफारस केली. संयोजकांनी ती तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवली आणि गाढवाला श्रद्धांजली वाहणाऱ्या पुस्तकाला प्रथम पुरस्कार मिळाला. समारंभाचे निमंत्रण आम्हांलाही होते.

ह्या वर्षी अंतर्गत मूल्यमापनात आम्ही प्रवासवर्णनाचा नेहमीचा प्रश्न बदलून पाहिला. ‘तुम्ही पाहिलेल्या एखाद्या प्रेक्षणीय स्थळाचे वर्णन करा’ हे काढून टाकले. त्याऐवजी विचारले: ‘तुमच्या घरात दुसऱ्या गावाहून आलेली एखादी वस्तू घ्या आणि ती कोणत्या वाटेने आली ते लिहा.’ बहुतेकांनी मोबाईल किंवा आजीचे तांब्याचे भांडे घेतले आणि शेवटी निसर्गवर्णन केलेच. एकीने तर भांड्यावरून थेट महाबळेश्वर गाठले. बाळकुमच्या गावठाणातल्या एका मुलीने घरातल्या लोखंडी नांगराविषयी लिहिले. तिचे आजोबा रेतीच्या होडीवर होते. कल्याण-मुंब्र्याच्या रेतीबंदरांपर्यंतच्या फेऱ्या, भरती कोठे गाठायची, ओहोटीला होडी कोठे चिखलात बसते, हे सारे तिने आजोबांना विचारून मांडले आहे. होडी विकली गेली तेव्हा नांगर तेवढा घरी आला. तो आता जिन्याखाली आहे. जेथे होडी बांधली जाई तेथे आता रेलिंग आहे. आजोबांना ती जागा नेमकी दाखवता आली नाही, ते दोनदा चुकले, आणि मग म्हणाले की पाणी कोठल्या बाजूने यायचे तेच इथून कळत नाही. एवढ्यावर तिने लेखन थांबवले आहे.

शुद्धलेखन कच्चे आहे. गुणदानाच्या तक्त्यात स्थलवर्णनाला तीन, निसर्गवर्णनाला दोन, भाषाशैलीला तीन आणि समारोपाला दोन गुण आहेत. त्या हिशेबाने तिला चार पडतात. आमच्यापैकी एकाचे म्हणणे आहे की तक्ता मोडून नऊ द्यावेत; दुसऱ्याचे म्हणणे आहे की तक्ता विभागाच्या बैठकीत मंजूर झालेला आहे, बदलायचा तर आधी तेथे भांडले पाहिजे, एका उत्तरपत्रिकेपुरता मोडून चालणार नाही. बैठक पुढच्या आठवड्यात आहे. तिची उत्तरपत्रिका तोवर बाजूला ठेवली आहे.